आईचा सीटी स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट: पात्रता आणि मेडिकेअरमधील सहभाग नेमका कसा तपासावा?

अंगणवेल

माझी आई ७२ वर्षांची आहे. ग्रीन कार्डावर अमेरिकेत येऊन तिला सात वर्षे झाली. सलग पाच वर्षांच्या वास्तव्याची अट पूर्ण झाल्यावर आम्ही तिच्यासाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे पार्ट ए (रुग्णालय) आणि पार्ट बी (डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवा) हे दोन्ही भाग हप्ता भरून घेतले. दुसरा कोणताही पूरक विमा तिच्याकडे नाही.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या पोटात सतत दुखत होते म्हणून तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाचा कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन करायला सांगितला. तो आम्ही जवळच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात करून घेतला, रिपोर्टही चांगला आला आणि आम्ही निश्चिंत झालो. त्यानंतर घरी दोन वेगवेगळी पाकिटे आली. पहिले रुग्णालयाचे होते आणि ते अपेक्षितच होते. दुसरे दुसऱ्याच राज्यातला पत्ता असलेल्या एका रेडिओलॉजी ग्रुपचे होते. त्यात आम्ही कधी न ऐकलेल्या एका डॉक्टरांचे नाव, त्यापुढे 'स्कॅनचे वाचन' अशा अर्थाची एक ओळ आणि पूर्ण रक्कम होती. 'विम्याने दिलेली रक्कम' या रकान्यात शून्य लिहिलेले होते. आई मला एवढेच विचारत राहिली की, "ज्यांनी मला पाहिलेसुद्धा नाही, त्यांना पैसे कशाचे द्यायचे?" मला तिला नीट उत्तर देता आले नाही.

मग मी त्या डॉक्टरांचे नाव मेडिकेअरच्या संकेतस्थळावर शोधले. तिथे 'डायग्नॉस्टिक रेडिओलॉजी' हे क्षेत्र दिसले, पदवी मिळाल्याचे वर्ष दिसले, परंतु वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागी केवळ 'इतर' एवढाच शब्द होता. खाली 'मेडिकेअरने मान्य केलेलीच रक्कम आकारतात' अशा अर्थाची ओळ होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांचा दहा आकडी एनपीआय क्रमांकही (डॉक्टरांचा देशपातळीवरचा ओळखक्रमांक) सापडला.

माझे प्रश्न असे आहेत. एनपीआय क्रमांक आहे म्हणजे डॉक्टर पात्र आहेत असे समजावे का? महाविद्यालयाच्या जागी 'इतर' असणे ही काळजीची बाब आहे का? आणि ते मेडिकेअरने मान्य केलेली रक्कम घेत असतील, तर आईच्या नावावर पूर्ण रकमेचे बिल का आले? बिल भरायला माझी ना नाही, पण ज्यांच्या वाचनावर आम्ही विसंबून राहिलो ते योग्य माणूस होते का, ही शंका मनातून जात नाही.

क्षकिरण

मी स्वतः डायग्नॉस्टिक रेडिओलॉजिस्ट आहे. एमबीबीएस आणि रेडिओडायग्नोसिसमधील एमडी महाराष्ट्रात केले, आणि इथे आल्यावर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले विशेषज्ञतेचे प्रशिक्षण, पुन्हा पहिल्यापासून केली. त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांबद्दल मी अनुभवाने सांगू शकेन. बिलाविषयी त्या कामातील कोणीतरी अधिक नेमके सांगेल.

प्रथम 'इतर' या शब्दाबद्दल. मेडिकेअरच्या त्या यादीत फक्त मूळ वैद्यकीय पदवीच्या महाविद्यालयाचा रकाना आहे, आणि हजारो डॉक्टरांपुढे तिथे 'इतर' असेच लिहिलेले असते. डॉक्टरांनी पुढची पाच-सहा वर्षे कुठे आणि काय शिक्षण घेतले, हे त्या रकान्यात येत नाही. रेडिओलॉजिस्टच्या बाबतीत तर खरी घडण त्या वर्षांतच होते. इथला नेहमीचा मार्ग असा: वैद्यकीय पदवीनंतर एक वर्षाची क्लिनिकल इंटर्नशिप, त्यानंतर डायग्नॉस्टिक रेडिओलॉजीची चार वर्षांची रेसिडेन्सी आणि बहुतेक जण त्यापुढे एक वर्षाची फेलोशिप करतात. परदेशातून शिकून आलेल्यांना त्याआधी ईसीएफएमजीचे (परदेशी वैद्यकीय पदवी तपासणाऱ्या संस्थेचे) प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि यूएसएमएलई या इथल्या वैद्यकीय परवान्याच्या परीक्षा पार कराव्या लागतात. भारतातले एमडी इथल्या रेसिडेन्सीच्या जागी सरसकट धरले जात नाही. एकाच मान्यताप्राप्त विभागात सलग चार वर्षे काम आणि प्रशिक्षण करून रेडिओलॉजी बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा एक पर्यायी मार्ग आहे; पण चार वर्षे त्यातही जातातच. म्हणून 'इतर' या शब्दावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

आता एनपीआय. हिपा हा आरोग्यविमा आणि रुग्णांच्या माहितीविषयीचा कायदा १९९६ सालचा. त्याखाली आलेला हा दहा आकडी क्रमांक मे २००७ पासून बहुतेक सर्व व्यवहारांत वापरणे बंधनकारक झाले. तो केवळ ओळखक्रमांक आहे. बिलावर कोणी काम केले हे निःसंदिग्धपणे लिहिता यावे, एवढाच त्याचा हेतू. त्या नोंदणीतील विशेषज्ञतेची माहिती डॉक्टर स्वतः भरतात, आणि क्रमांक मिळाला म्हणजे परवाना किंवा पात्रता तपासली गेली असे होत नाही, हे नोंदणी चालवणारी यंत्रणाही स्पष्टपणे सांगते. माझ्या ओळखीतील अनेक सुशिक्षित माणसे या क्रमांकाला प्रमाणपत्र समजतात, म्हणून हे मुद्दाम ठळकपणे लिहितो आहे.

पात्रता पाहायची ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे राज्याचे मेडिकल बोर्ड. वैद्यकीय परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो, आणि दूर बसून स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांकडे रुग्ण ज्या राज्यात आहे तिथला परवाना असावा लागतो. आपल्या बिलावरील ग्रुपचा पत्ता परराज्यातला आहे हे वावगे नाही. रात्रपाळीचे वाचन करणाऱ्या माझ्या काही सहकाऱ्यांकडे वीस-पंचवीस राज्यांचे परवाने आहेत. आपण मात्र शोध त्यांच्या राज्यात न घेता आपल्या राज्याच्या मंडळाच्या संकेतस्थळावर घ्यावा. परवाना चालू आहे का, त्याची मुदत कधी संपते आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तिथे विनामूल्य दिसते.

दुसरे ठिकाण अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजी, म्हणजे रेडिओलॉजिस्टना विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र देणारी संस्था. ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. डीओ (ऑस्टिओपॅथिक वैद्यक) पदवी असलेल्या डॉक्टरांसाठी ऑस्टिओपॅथिक बोर्ड वेगळे आहे, आणि त्यांतील काही जण तिथून प्रमाणपत्र घेतात. परवान्यासाठी बोर्डाचे प्रमाणपत्र कायद्याने लागत नाही; तरीही बहुतेक रुग्णालये ते असल्याशिवाय किंवा त्या वाटेवर असल्याशिवाय डॉक्टरांना काम देत नाहीत. बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव टाकले की दोन गोष्टी पाहाव्यात: प्रमाणपत्र कोणत्या विषयाचे आहे आणि ते चालू आहे का. इथे एक बारकावा आहे. २००२ पूर्वी डायग्नॉस्टिक रेडिओलॉजीची प्रमाणपत्रे आजन्म मिळत. त्यानंतरची आजन्म नाहीत, आणि ती टिकवण्यासाठी सतत मूल्यमापन द्यावे लागते. २०१९ पासून डायग्नॉस्टिक रेडिओलॉजीत हे मूल्यमापन ऑनलाइन प्रश्नांच्या रूपाने वर्षभर चालते. एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांपुढे 'निरंतर मूल्यमापनात सहभागी नाहीत' असे दिसले, तर आधी त्यांचे प्रमाणपत्र आजन्म आहे का ते पाहावे. तसे असेल तर त्यात दोष नाही.

आणखी एक गोष्ट, कारण अनेक जण व्यर्थ शोध घेत बसतात. मेंदू-मज्जासंस्था आणि बालरोग यांसारख्या शाखांसाठी बोर्डाचे वेगळे उपप्रमाणपत्र आहे. पोटाच्या प्रतिमांसाठी तसे नाही. पोटाच्या रेडिओलॉजीचे विशेष शिक्षण असेल तर ते फेलोशिपच्या रूपातच असते आणि ते ग्रुपच्या किंवा रुग्णालयाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांच्या परिचयात लिहिलेले असते.

आपल्या आईंच्या प्रश्नाचे उत्तरही द्यावेसे वाटते. कॉन्ट्रास्टसह केलेल्या पोटाच्या एका सीटीमध्ये शेकडो छेदप्रतिमा असतात. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडे, आतड्यांची भिंत, रक्तवाहिन्या, लसिकाग्रंथी आणि चित्राच्या कडेला आलेला फुप्फुसांचा तळभाग, एवढे सारे तीन दिशांनी वर-खाली सरकवत पाहावे लागते, आणि जुना स्कॅन असेल तर त्याच्याशी प्रत्येक ठिपका ताडून पाहावा लागतो. 'दोष आढळला नाही' हे वाक्य लिहिताना त्याखालची सही माझी असते आणि चुकले तर जबाबदारीही माझीच. आईंना त्या डॉक्टरांनी पाहिले नाही हे खरे. पण आईंच्या पोटात त्या दिवशी काय होते, हे त्या डॉक्टरांइतके बारकाईने दुसऱ्या कोणीही पाहिलेले नाही.

हिशेबनीस

मी अकरा वर्षे वैद्यकीय बिलिंगमध्ये आहे आणि त्यातील बराच काळ रेडिओलॉजी ग्रुपची बिले पाहण्यात गेला आहे. आधी सर्वांत महत्त्वाचे: हे बिल इतक्यात भरू नका. भरल्यानंतर पैसे परत मिळवणे शक्य असते, परंतु त्यात महिने जातात.

दोन बिले येणे नियमित आहे. कोणत्याही स्कॅनच्या शुल्काचे दोन भाग असतात. यंत्र, तंत्रज्ञ, जागा, कॉन्ट्रास्टचे औषध यांचा एक भाग, जो तांत्रिक भाग म्हटला जातो. आणि प्रतिमा वाचून लेखी रिपोर्ट देण्याचा दुसरा, जो व्यावसायिक भाग. रुग्णालयात स्कॅन केला की पहिला भाग रुग्णालय लावते आणि दुसरा रेडिओलॉजिस्टचा ग्रुप लावतो. बाहेरच्या इमेजिंग सेंटरमध्ये कधी दोन्ही एकत्र येतात.

आता 'मेडिकेअरने मान्य केलेलीच रक्कम आकारतात' या ओळीबद्दल. मेडिकेअरशी डॉक्टरांचे नाते तीन प्रकारचे असू शकते. पहिला प्रकार पार्टिसिपेटिंग. हे डॉक्टर करारपत्रावर सही करतात की त्या कॅलेंडर वर्षात मेडिकेअरच्या प्रत्येक रुग्णासाठी आपण असाइनमेंट स्वीकारू, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेली रक्कम हीच पूर्ण फी मानू. ही निवड बदलण्याची मुदत दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत असते. डॉक्टर एखाद्या ग्रुपमध्ये राहून आपली देयके ग्रुपकडे सोपवत असतील, तर त्या कामासाठी ग्रुपचाच करार लागू होतो. म्हणून चौकशी करताना डॉक्टरांचे आणि ग्रुपचे अशी दोन्ही नावे घ्यावीत. दुसरा प्रकार नॉन-पार्टिसिपेटिंग: मेडिकेअरमध्ये नोंद आहे, पण असाइनमेंट घ्यायची की नाही हे प्रत्येक वेळी ते ठरवतात. तिसरा प्रकार ऑप्ट-आउट: यांनी मेडिकेअरमधून बाहेर राहण्याचे प्रतिज्ञापत्र दिलेले असते. ते दोन वर्षांसाठी असते आणि रद्द केले नाही तर आपोआप पुढे चालू राहते.

फरक आकड्यांत पाहिला की लगेच कळतो. समजा पार्ट बीची वार्षिक डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम), जी २०२५ साली २५७ डॉलर होती, ती आधीच भरून झाली आहे आणि एखाद्या वाचनाचा मेडिकेअरचा दर समजा १०० डॉलर आहे. पार्टिसिपेटिंग डॉक्टर असतील तर मेडिकेअर ८० देते, रुग्णाने २० द्यायचे आणि विषय संपला. नॉन-पार्टिसिपेटिंग डॉक्टरांसाठी मान्य दर ५ टक्क्यांनी कमी, म्हणजे ९५ धरला जातो. असाइनमेंट घेतली नाही तर त्यावर १५ टक्क्यांपर्यंत अधिक, म्हणजे जास्तीत जास्त १०९.२५ डॉलर ते आकारू शकतात. मेडिकेअरचा वाटा ९५ च्या ८० टक्के, म्हणजे ७६ डॉलर, आणि रुग्णावर ३३.२५ डॉलर येतात. ऑप्ट-आउट डॉक्टरांच्या बाबतीत मेडिकेअर काहीही देत नाही. मात्र त्यासाठी रुग्णाशी आधी लेखी खाजगी करार झालेला असावा लागतो, आणि तातडीच्या उपचाराच्या वेळी तसा करार करून घेता येत नाही. असे डॉक्टर देशात सुमारे एक टक्का आहेत आणि त्यांत मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. रेडिओलॉजीत मी अकरा वर्षांत एकही पाहिलेला नाही.

आपण दिलेल्या माहितीवरून ते डॉक्टर पार्टिसिपेटिंग आहेत. मग विम्याच्या रकान्यात शून्य का? माझा कयास असा की मेडिकेअरकडे क्लेम गेलेलाच नाही. रेडिओलॉजी ग्रुप रुग्णाला कधी भेटत नाही. रुग्णालयाच्या नोंदणी टेबलावर जे टंकले गेले तेच त्यांच्यापर्यंत पोहोचते. तिथे मेडिकेअरचा क्रमांक चुकला, सुटला किंवा जुन्या विम्याची नोंद तशीच राहिली, की ग्रुपची प्रणाली रुग्णाला विमा नाही असे धरते आणि संपूर्ण रक्कम छापते. हे मी दर आठवड्याला पाहतो.

आपण असे करावे. बिलावरील क्रमांकावर फोन करून आईंच्या लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डावरील अकरा अक्षर-अंकांचा मेडिकेअर क्रमांक द्यावा आणि क्लेम पाठवायला सांगावे. सेवा दिल्यापासून बारा महिन्यांच्या आत क्लेम पाठवणे ही त्यांची जबाबदारी आहे. आपण बोललेल्या व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. त्यानंतर मेडिकेअरकडून जे सारांशपत्र येईल, ज्यावर 'हे बिल नाही' असे छापलेले असते, त्यात 'आपल्याला जास्तीत जास्त आकारता येईल अशी रक्कम' हा रकाना पाहावा. ग्रुपच्या नव्या बिलातील आकडा त्यापेक्षा मोठा असेल तर भरू नये. पूरक विमा नसल्याने २० टक्के आईंनाच द्यावे लागतील, हे मात्र लक्षात घ्यावे.

नदीकाठ

हिशेबनीस यांनी सांगितले ते मूळ मेडिकेअरला लागू आहे. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे खाजगी विमा कंपन्यांमार्फत मिळणारे मेडिकेअर, घेतलेल्यांनी एवढ्यावर थांबू नये. माझ्या वडिलांचा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन आहे. त्यांच्या एमआरआयच्या वेळी मी इमेजिंग सेंटर नेटवर्कमध्ये (प्लॅनशी करार असलेल्यांच्या यादीत) असल्याची खात्री केली, पूर्वपरवानगीही आली होती. परंतु वाचन करणारा ग्रुप त्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये नव्हता. तो ग्रुप मेडिकेअरचा पार्टिसिपेटिंग होता आणि मी तेवढेच पाहून समाधान मानले होते. प्लॅनकडे लेखी तक्रार केल्यावर त्यांनी ते बिल मान्य केले, पण तीन महिने वडिलांची झोप उडाली होती. आता मी प्लॅनला फोन करतो तेव्हा दोन प्रश्न विचारतो: स्कॅन कुठे होणार ते ठिकाण नेटवर्कमध्ये आहे का, आणि तिथले वाचन कोणता ग्रुप करतो व तो नेटवर्कमध्ये आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्लॅनकडे नसेल तर सेंटरकडून ग्रुपचे नाव घेऊन पुन्हा फोन करतो.

मला एक शंकाही आहे. आईचा मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) पुढच्या महिन्यात आहे आणि ती मूळ मेडिकेअरवर आहे. तिथेही हेच सारे तपासावे लागते का? शिवाय, रात्रीचे स्कॅन भारतातून वाचले जातात असे ऐकले आहे. ते मेडिकेअरला चालते का?

क्षकिरण

मॅमोग्रामच्या बाबतीत रुग्णाचे काम बरेच सोपे आहे, कारण तिथे १९९२ चा केंद्रीय कायदा आहे. तपासणी केंद्राकडे एफडीए या केंद्रीय औषध व उपकरण नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाराखालील प्रमाणपत्र असल्याशिवाय मॅमोग्राम करता येत नाही आणि ते प्रमाणपत्र रुग्णांना दिसेल अशा जागी लावावे लागते. वाचणाऱ्या डॉक्टरांसाठीही अटी आहेत. सुरुवातीचे प्रशिक्षण तर लागतेच, शिवाय दर २४ महिन्यांत किमान ९६० मॅमोग्राम वाचलेले असावे लागतात. रेडिओलॉजीत वाचनाच्या संख्येची इतकी काटेकोर अट कायद्याने घातलेली क्वचितच आढळते, आणि माझ्या मते ती योग्य आहे. स्तनाच्या प्रतिमेतला बारीक बदल ओळखायला नजर रोजच्या सवयीतली असावी लागते. ४० वर्षांवरील महिलांचा तपासणी-मॅमोग्राम दर बारा महिन्यांनी मेडिकेअरमध्ये होतो, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि डॉक्टर असाइनमेंट स्वीकारत असतील तर रुग्णाला काहीही द्यावे लागत नाही. त्यात काही आढळून पुढचा निदान-मॅमोग्राम करावा लागला तर तिथे डिडक्टिबल आणि २० टक्के लागू होतात, ही गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवावी.

सीटी, एमआरआय आणि पेट यांच्या बाबतीत, रुग्णालयाबाहेरच्या केंद्रांना तांत्रिक भागाचे पैसे मेडिकेअरकडून हवे असतील तर १ जानेवारी २०१२ पासून अधिस्वीकृती (मान्यताप्राप्त संस्थेने दर्जा तपासून दिलेली मान्यता) बंधनकारक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी ही ती देणाऱ्या संस्थांपैकी एक. वाचणाऱ्या डॉक्टरांची पात्रता त्या तपासणीचा भाग असते. त्यामुळे बाहेरच्या केंद्रात स्कॅन करायचा असेल तर अधिस्वीकृतीबद्दल विचारणे हा सोपा आणि उपयोगी प्रश्न आहे.

भारतातून होणाऱ्या वाचनाबद्दल: देशाबाहेर बसून केलेल्या वाचनाचे पैसे मेडिकेअर देत नाही, डॉक्टरांकडे इथला परवाना आणि बोर्डाचे प्रमाणपत्र असले तरीही. म्हणून काही रुग्णालये रात्री बाहेरून प्राथमिक वाचन घेतात आणि सकाळी इथले रेडिओलॉजिस्ट अंतिम रिपोर्ट देतात. बिल अंतिम वाचनाचेच लागते. रिपोर्टच्या शेवटी 'इलेक्ट्रॉनिक सही' या शब्दांपुढे जे नाव, तारीख आणि वेळ असते, ते अंतिम वाचनाचे असते. पात्रता तपासायची ती त्या नावाची.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते इथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

हिशेबनीस यांचा कयास बरोबर होता. मेडिकेअर मिळण्याआधी आई ज्या विम्यावर होती, त्याचा क्रमांक रुग्णालयाच्या नोंदीत तसाच राहिला होता आणि ग्रुपला तोच गेला होता. त्या विम्याने क्लेम नाकारला, आणि पूर्ण रकमेचे बिल आईच्या नावावर निघाले. फोनवर क्रमांक दिल्यानंतर त्यांनी मेडिकेअरला क्लेम पाठवला. कालच सारांशपत्र आले. मान्य रक्कम मूळ बिलाच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि आईचा वाटा त्यातील २० टक्के, कारण या वर्षीची डिडक्टिबल रुग्णालयाच्या बिलातच पूर्ण झाली होती. ग्रुपच्या नव्या बिलातील आकडा सारांशपत्रातील रकान्याशी जुळतो आहे. रुग्णालयातली जुनी नोंदही मी समोर बसून बदलून घेतली.

रिपोर्टच्या तळाशी सही करणारे नाव बिलावरचेच आहे. आमच्या राज्याच्या मंडळाकडे त्यांचा परवाना चालू आहे आणि कोणतीही कारवाई नाही. बोर्डाकडे डायग्नॉस्टिक रेडिओलॉजीचे त्यांचे प्रमाणपत्र चालू आहे, आणि ग्रुपच्या संकेतस्थळावर पोटाच्या प्रतिमांची फेलोशिप केल्याचे लिहिले आहे. 'इतर' या शब्दामागे एवढे सारे होते.

क्षकिरण यांनी लिहिलेला शेकडो प्रतिमांचा परिच्छेद मी आईला वाचून दाखवला. तिने रिपोर्टची प्रत मागून घेतली, चष्मा लावून शेवटच्या ओळीवरचे नाव दोनदा वाचले, आणि धनादेश स्वतःच्या हाताने लिहिला.